जुन्या पेंटियम फोरला कोणता डीव्हीडी रायटर घ्यावा? वापरून बघितलेल्या रायटरचा रिव्ह्यू

जुन्या कॉम्प्युटरला डीव्हीडी रायटर घ्यायचा असेल तर खोक्यावर २४एक्स लिहिलंय का २२एक्स (हा लिहायचा वेग) हे बघत बसू नका, आधी आपल्या बोर्डावर, म्हणजे मदरबोर्डवर, कुठली खाच आहे आणि मागचा यूएसबी कुठल्या पिढीचा आहे ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो. बाकीचा निम्मा खाली सविस्तर लिहितोय कारण मी स्वतः शोधायला गेलो तेव्हा सगळीकडे एकच सल्ला मिळाला, "नवीन कॉम्प्युटर घ्या की राव". आमच्यासारख्यांचा प्रश्न तसा नसतो ना.

माझ्याकडे इंटेल ८६५ चिपसेटचा बोर्ड आहे, पेंटियम फोर, एक जीबी रॅम, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३. यात पीसीआय स्लॉटवर (जादा कार्ड बसवायची बोर्डावरची जागा) फायरवायरचं, म्हणजे कॅमेरा केबलने जोडायचं, कार्ड बसवलेलं आहे आणि त्यावर मिनीडीव्ही कॅमेऱ्याच्या कॅसेटी उतरवायचं काम चालतं. २००० ते २०१० च्या दरम्यान ज्यांची लग्नं, मुंजी, बारशी झाली त्यांच्याकडे या छोट्या कॅसेटी अजून कपाटात पडून आहेत, आणि फायरवायरने उतरवलं की चित्र जसंच्या तसं येतं, मध्ये कुठे रूपांतर होत नाही. एका तासाच्या कॅसेटला साधारण १३ जीबी जागा लागते, मग त्याची डीव्हीडी बनवायची. पेनड्राइव्हवर देतोच, पण गावाकडच्या काकू-मावशींना डीव्हीडी लागते, कारण त्यांच्या टीव्हीखाली अजून प्लेयर आहे आणि डिस्क घातली की लग्न सुरू होतं हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून हा कॉम्प्युटर मला मोडीत काढायचा नाही आणि रायटर त्यात चांगलाच हवाय.

जुना रायटर आयडीईचा, म्हणजे रुंद पट्टा केबलने जोडायचा होता. आधी डीव्हीडी वाचायला वेळ लावायला लागला, मग सीडी चालायची पण डीव्हीडी नाही, मग कोरी डिस्क घातली तरी रिकामं ड्राइव्ह दाखवायला लागला. सीडीला आणि डीव्हीडीला लेझर वेगवेगळा असतो, सीडीचा ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० चा, त्यामुळे एक चालतोय आणि दुसरा गेलाय असं होऊ शकतं. लेन्स साफ करून कधीकधी थोडे दिवस निघतात, पण लेझरचा डायोडच म्हातारा झाला असेल तर उपयोग नाही.

आता कॅबिनेट उघडून काय बघायचं ते. बोर्डाच्या कडेला ४० पिनांची लांब खाच दिसली, जिच्यात रुंद पट्टा केबल जाते, ती आयडीई. आणि त्याच्या आसपास इंग्रजी एल आकाराच्या छोट्या ७ पिनांच्या खाचा दिसल्या तर त्या साटा. इंटेलचं बघायचं तर २००३ च्या ८६५ बोर्डांपासून साटा यायला लागलं, म्हणजे त्यावर आयडीई पण आहे आणि दोन साटा पण. त्याच्या आधीच्या ८४५, ८१५, ८१० ला फक्त आयडीई. नंतरचे ९४५ आणि जी३१ जे आपल्याकडे घरोघरी आणि सायबर कॅफेत होते, त्यांच्यावर साटा चार आणि आयडीई एकच. तर बोर्ड कुठला आहे ते आठवत नसेल तर बोर्डावर छापलेलं असतं, पीसीआय स्लॉटच्या मधे किंवा रॅमजवळ, टॉर्च मारून बघा. आणि यूएसबी? ८१५ वर आणि सुरुवातीच्या ८४५ वर यूएसबी १.१ आहे, २००२ पासूनच्या ८४५जी, जीव्ही, पीई वगैरेंवर २.०. हा फरक साधा नाही, पुढे सांगतो का ते.

पहिला घेतला तो बाहेरून लावायचा, एलजीचा जीपी६५एनबी६०. हा आपल्याकडे सगळीकडे मिळतो, ऑनलाइन पण आणि दुकानात पण, किंमत दुकानागणिक बदलते. १४ मिलिमीटर जाड, हलका, आत लॅपटॉपातलाच बारीक रायटर असतो. डीव्हीडी ८एक्सने लिहितो आणि सीडी २४एक्सने. एक्सपीला लावला की दोन-तीन फुगे येतात, नवीन हार्डवेअर सापडलं वगैरे, आणि माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्ह दिसतो. ड्रायव्हरची सीडी वगैरे काही लागत नाही, एक्सपीच्या पोटात ते असतंच. फक्त सर्व्हिस पॅक १ तरी पाहिजे, त्याशिवाय एक्सपीला यूएसबी २.० कळत नाही.

लिहायचा वेग म्हणाल तर ८एक्सला पूर्ण भरलेली डीव्हीडी आठ-नऊ मिनिटांत होते, मग तपासणीला तेवढाच वेळ. माझ्या कामाला हे भरपूर आहे. आणि ८एक्सपेक्षा जास्त वेगाने मी लग्नाची डीव्हीडी लिहितच नाही, आतला मोठा रायटर असला तरी नाही, जुने प्लेयर फार नाजूक असतात.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १.३८ एमबीच्या आसपास, सीडीच्या १एक्सच्या साधारण नऊपट. यूएसबी १.१ कागदावर १२ मेगाबिट, म्हणजे दीड एमबी, आणि प्रत्यक्षात एक एमबी मिळाला तरी खूप. म्हणजे डीव्हीडीचा १एक्स पण पुरा पडत नाही! ८१५ च्या बोर्डाला हा रायटर लावला तर दिसेल, सीडी वाचेल, पण डीव्हीडी लिहायला बसलात तर डेटा पुरेसा पोचतच नाही, रायटर थांबतो, परत सुरू होतो, परत थांबतो, आणि तासाच्या वर बसावं लागतं. हल्लीच्या सगळ्या रायटरमध्ये बफर (डेटाची तात्पुरती साठवण) रिकामा झाला तर डिस्क वाया जाऊ नये अशी सोय असते, त्यामुळे कदाचित डिस्क वाचेलही, पण इतक्या वेळा जोड दिलेली डिस्क मी कुणाला देणार नाही. यूएसबी १.१ वाल्यांनी आधी पीसीआयचं यूएसबी २.० कार्ड टाकावं, एनईसी किंवा व्हीआयए चिपचं, स्वस्तात मिळतं. एक्सपी असेल तर ते सहज चालतं.

दुसरी अडचण करंटची. यूएसबी २.० च्या एका पोर्टातून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर मिळायला पाहिजेत असा नियम आहे, आणि हे बारीक रायटर डिस्क फिरवायला सुरुवात करताना किंवा लिहिताना त्यापेक्षा जास्त ओढतात. नवीन बोर्ड ते चालवून घेतात. जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात लावलं की मात्र आतली बारीक वायर, गंजलेले पिन, त्यात एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवरचा डबा) पंधरा वर्षांचा, मग टिकटिक आवाज करून ड्राइव्ह गायब होतो. ही तक्रार माझ्याकडे बरेच जण घेऊन येतात आणि निम्म्या वेळा मागच्या पोर्टात लावलं की संपते. मागचे पोर्ट थेट बोर्डावर असतात. तिथेही होत असेल तर दोन तोंडांची यूएसबी केबल मिळते ती घ्या, किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. आणि ट्रे बाहेर आला की डिस्क दाबून बसवताना खालून हाताचा आधार द्यायचा, सगळेच बारीक रायटर ट्रेला नाजूक असतात, लेन्स पण ट्रेवरच असते ना.

याची सगळ्यात मोठी उणीव म्हणजे बूट, म्हणजे डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू करणं. खूप जुन्या बोर्डांचा बायोस (कॉम्प्युटर चालू करताच आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) यूएसबी सीडीरॉमवरून सुरूच होत नाही, म्हणजे एक्सपी परत टाकायची वेळ आली तर हा रायटर शोभेला. माझ्या ८६५ वर बायोसमध्ये यूएसबी बूट चालू केल्यावर होतं, पण तुमच्याकडे होईलच असं नाही. विकत घ्यायच्या आधी बायोसमध्ये जाऊन बूटच्या पानावर यूएसबी सीडीरॉम असं काही आहे का बघून घ्या, तेवढं फुकट आहे.

मग आतला. एलजीचा जीएच२४एनएसडी१, साटाचा, २४एक्स. हा बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडतो आणि माझ्या मते साटा खाच असलेल्या कुठल्याही जुन्या बोर्डाला हाच घ्यावा, डोळे झाकून. लोकांना भीती असते की नवीन साटा रायटर जुन्या साटा पोर्टला चालेल का. चालतो. हार्ड डिस्कच्या बाबतीत ३ आणि ६ गिगाबिटची भानगड आहे, डीव्हीडी रायटर मुळात १.५ गिगाबिटवरच चालतो आणि त्याला त्यातला पण थोडाच भाग लागतो. २४एक्स म्हणजे सेकंदाला ३३ एमबी, ते पण फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला. आतून सुरू होताना तो १०एक्सच्या आसपासच असतो आणि बाहेर जाता जाता वाढत जातो. म्हणून २२ आणि २४ मधला फरक प्रत्यक्षात काही सेकंदांचा असतो, त्यासाठी शंभर रुपये पण जास्त देऊ नका.

८६५ वर बसवायला काय लागलं? साटा डेटा केबल, क्लिपवाली घ्या, बिनक्लिपची सैल होते. बायोसमध्ये साटा 'एन्हान्स्ड' वर ठेवायचा, एक्सपीला त्यात काही अडचण येत नाही, तो त्याला साध्या आयडीई चॅनलसारखाच धरतो. ज्यांच्याकडे अजून विंडोज ९८ आहे त्यांना मात्र 'कम्बाइन्ड' किंवा 'कम्पॅटिबल' असं काही असेल ते निवडावं लागतं. ९४५ किंवा त्याच्या पुढच्या बोर्डावर एएचसीआय (साटा चालवायची नवी पद्धत) चालू असेल तर आयडीई मोड करा, एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर नसतो. पण थांबा, एक्सपी आधीच एएचसीआय ड्रायव्हर घालून टाकलेली असेल तर मोड बदलल्यावर निळा स्क्रीन येईल, तेव्हा ज्याने इन्स्टॉल केलंय त्याला विचारून हात लावा.

आणि पॉवर. जुन्या एसएमपीएसला साटा पॉवरचं तोंड नसतं, फक्त चार पिनांचे मोठे पांढरे मोलेक्स असतात. मधे एक जोडणी घालावी लागते, मोलेक्स टू साटा. इथे वीस रुपये वाचवू नका हो. याचे दोन प्रकार येतात. एकात साटाचं तोंड ओतीव प्लास्टिकचं एकसंध असतं, वायरी आत गायब झालेल्या दिसतात. दुसऱ्यात मागे टोपी असते आणि प्रत्येक वायर पिनवर दाबून बसवलेली वेगळी दिसते. दुसराच घ्यायचा. ओतीव प्रकारात आत वायरी एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की गरम होऊन प्लास्टिक बसलं की शॉर्ट होतो आणि तोंड जळतं, याचे फोटो जगभरच्या लोकांनी टाकलेत, आणि आमच्याकडेही एका ओळखीच्यांच्या मशीनमधून धूर निघाला होता, ती जोडणी कुठल्याच कंपनीच्या नावाची नव्हती. या जोडणीत ३.३ व्होल्टची वायर नसते म्हणून लोक घाबरतात, पण डीव्हीडी रायटरला ५ आणि १२ व्होल्टच लागतात, ती नसली तरी काही बिघडत नाही.

बसवल्यावर रायटर लगेच दिसला, बूटच्या यादीत पण आला, एक्सपीची सीडी त्यावरून सुरू झाली. आवाज? पूर्ण वेगात डिस्क वाचताना कॅबिनेट थरथरतं, दोन्ही बाजूंचे चारही स्क्रू लावले की पुष्कळ कमी होतं. लिहिताना ८एक्सला ठेवला की अगदी शांत. बाहेरच्या बारीक रायटरपेक्षा हा जुन्या, ओरखडे पडलेल्या डिस्क पण जास्त चांगल्या वाचतो असं माझं मत झालंय, विशेषतः २००५-०६ च्या स्वस्त डिस्क, ज्यांच्यावर लोकांनी मार्करने नाव लिहून कव्हरशिवाय ठेवल्यात.

आता ज्यांच्याकडे फक्त आयडीई आहे त्यांचं काय. नवीन आयडीई रायटर दुकानात मिळणं जवळपास बंद झालंय, जे मिळतात ते जुने काढलेले किंवा कुठेतरी पडून राहिलेले. मुंबईत लॅमिंग्टन रोडला अजून शोधलं तर सापडतात, पुण्यात सेकंडहँड कॉम्प्युटरवाल्यांकडे, आणि आपल्या तालुक्याच्या गावात जो जुना रिपेअरवाला आहे त्याच्या माळ्यावर तर नक्की. तिथे गेल्यावर मॉडेल नंबर वाचायला शिका, त्यातच सगळं कळतं. एलजीचा जीएच२२एनपी२० यातला 'पी' म्हणजे पाटा, आपला आयडीई. जीएच२२एनएस काहीतरी असेल तर 'एस' साटाचा. लाइटऑनचं तसंच, आयएचएपी आयडीई आणि आयएचएएस साटा. सोनी ऑप्टिआर्कचा एडी-७२००ए आयडीई, ७२००एस साटा. सॅमसंगचा एसएच-एस२२२ए आयडीई. पायोनियरचे डीव्हीआर-१११ आणि ११५ आयडीईचेच. दुकानदार फोनवर "हो हो, आहे, तुमचाच आहे" म्हणतो आणि गेल्यावर साटाचा हातात देतो, असं होतं, तेव्हा मॉडेल नंबर व्हॉट्सअॅपवर फोटो काढून मागवा आणि मगच एसटीचं तिकीट काढा.

मला स्वतःला एका दुकानातून, नाव घेत नाही, "टेस्टेड आहे साहेब" म्हणून जो आयडीई रायटर मिळाला तो सीडी आणि डीव्हीडी दोन्ही मस्त वाचायचा पण लिहायला घेतलं की पाच-दहा टक्क्यांवर एरर. त्यांची टेस्ट म्हणजे ट्रे उघडणं आणि गाण्याची सीडी वाजवणं. बदलून द्यायला नकार दिला, वापरलेला माल परत घेत नाही म्हणे. मग मी आता काय करतो, कोऱ्या दोन डिस्क खिशात घेऊन जातो, दुकानातच त्यांच्या मशीनला लावून एक पूर्ण भरून लिहायला लावतो. पूर्ण, अर्धी नाही, कारण थकलेला लेझर आतल्या भागात चालतो आणि बाहेरच्या कडेला हरतो. ज्याला एवढा वेळ द्यायचा नाही त्याच्याकडून घ्यायचा नाही. वर लेबलवर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, २००८-०९ नंतरचा असेल तर बरा. सायबर कॅफेतून किंवा सीडीच्या दुकानातून निघालेला नको, ऑफिसमधून निघालेला चालेल, तिथे रायटर बहुतेक नुसताच बसून असतो.

बसवताना जंपर (पिनांवर घालायची छोटी टोपी) बघा. मागे मास्टर, स्लेव्ह आणि केबल सिलेक्ट असे तीन असतात. एका पट्ट्यावर दोन ड्राइव्ह असतील तर एक मास्टर, एक स्लेव्ह, दोन्ही मास्टर ठेवले तर दोन्ही दिसत नाहीत. जमलं तर हार्ड डिस्क एका पट्ट्यावर आणि रायटर दुसऱ्यावर ठेवा, एकाच पट्ट्यावर असले की हार्ड डिस्ककडून घे आणि रायटरला दे हे एकाच रस्त्यावरून होतं, आणि आयडीईत एका वेळी एकच बोलू शकतो.

यानंतरचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण यामुळे चांगले रायटर लोक खराब म्हणून टाकून देतात. एक्सपीत डिव्हाइस मॅनेजर उघडा, आयडीई कंट्रोलर, त्यात सेकंडरी चॅनल, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज. तिथे 'करंट ट्रान्स्फर मोड' मध्ये अल्ट्रा डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा वाहायची पद्धत) मोड २ किंवा ४ असं दिसलं पाहिजे. तिथे 'पीआयओ मोड' दिसत असेल तर सगळा डेटा प्रोसेसर स्वतःच्या हाताने वाहतोय, लिहायला घेतलं की माउस पण अडखळतो, सीपीयू शंभर टक्के, आणि १६एक्सचा रायटर ३एक्सला पण दमतो. असं का होतं? एक्सपीला त्या चॅनलवर सहा वेळा टाइमआउट किंवा सीआरसी एरर आले की तो वेग खाली खाली आणतो आणि शेवटी पीआयओवर टाकतो, आणि मग तुम्ही खराब डिस्क काढून टाकली तरी स्वतःहून वर येत नाही. म्हणजे एखादी ओरखडलेली सीडी चार दिवस घालून ठेवली तरी हे होऊ शकतं. उपाय अगदी सोपा, तो चॅनल डिव्हाइस मॅनेजरमधून अनइन्स्टॉल करायचा, रायटर नाही, चॅनल, आणि मशीन रीस्टार्ट. एक्सपी तो परत शोधतो आणि डीएमएवर आणतो. परत परत पडत असेल तर पट्टा केबल बदला, ८० तारांची, बारीक रेघांची असते ती. ४० तारांच्या जुन्या पट्ट्यावर मोड २ च्या वर जात नाही, ३३ एमबीच, पण १६एक्सला २२ एमबी लागतात म्हणजे तेवढंही पुरतं.

आणखी एक, नीरो किंवा तसलं काही काढून टाकल्यावर रायटर अचानक पिवळ्या उद्गारचिन्हासह दिसतो, कोड ३९ किंवा १९. रायटर गेला असं समजून नवीन आणू नका. रजिस्ट्रीत त्या सॉफ्टवेअरने अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स नावाच्या दोन नोंदी मागे ठेवलेल्या असतात, सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या वर्गाखाली, त्या काढल्या की परत येतो. रजिस्ट्रीची आधी बॅकअप फाइल काढून ठेवा.

आयडीई आणि साटाच्या मधला कन्व्हर्टर घेऊन साटाचा नवीन रायटर आयडीईला लावावा का? मी तरी सुचवणार नाही. हार्ड डिस्कला हे छोटे कन्व्हर्टर बरे चालतात पण रायटरला लहरी असतात, वाचतात, लिहिताना मधेच हरवतात. आणि पीसीआयचं साटा कार्ड घ्याल तर त्यावरच्या रायटरवरून बूट होईलच याची खात्री धरू नका, बरीच कार्डं हार्ड डिस्क डोळ्यासमोर ठेवून बनवलेली असतात. ८४५ वाल्यांनी सरळ यूएसबी २.० आणि बाहेरचा रायटर, आणि इन्स्टॉलेशनपुरता एखादा जुना आयडीई सीडीरॉम आत तसाच ठेवावा, तो बूटपुरता चालला तरी झालं.

जुन्या लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात. आतला रायटर बदलायचा तर जाडी मोजा, १२.७ आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाड्या येतात, आणि मागचं तोंड पाटाचं आहे का साटाचं ते काढून बघा. पुढची पट्टी जुन्याची काढून नवीनला बसते, बहुतेक वेळा. एवढा खटाटोप नको असेल तर बाहेरचाच घ्या.

डिस्कबद्दल बोलल्याशिवाय रायटरचा रिव्ह्यू पुरा होत नाही. एके काळी आपल्याकडे सगळीकडे मोझर बेअरच्या डिस्क असायच्या, ती कंपनी २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली, तरी त्या नावाची स्पिंडल (दांड्यावर रचलेल्या कोऱ्या डिस्कचे गठ्ठे) अजून कुठे कुठे धूळ खात दिसतात. पाच-सात वर्षं उन्हात पडलेली स्पिंडल कुठल्याही कंपनीची असली तरी घेऊ नका. मी व्हर्बॅटिम वापरतो, थोडी महाग आहे. जुन्या प्लेयरसाठी डीव्हीडी-आर घ्या, वजा चिन्हवाली, अधिकवाली काही जुन्या प्लेयरना कळत नाही. री-रायटेबल तर मुळीच नको, तिच्यावरून प्रकाश फार कमी परत येतो आणि म्हातारे प्लेयर तिला ओळखत नाहीत.

सॉफ्टवेअर इम्गबर्न. फुकट आहे, शेवटची आवृत्ती २.५.८.० ही २०१३ ची, आणि जुन्या विंडोजसाठी याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला माहीत नाही. एक्सपी स्वतःहून फक्त सीडी लिहितो, डीव्हीडी नाही, त्यामुळे काहीतरी टाकावंच लागतं. इन्स्टॉल करताना मधे येणाऱ्या फालतू टूलबारच्या खुणा काढून टाका. डिस्क घातली की उजव्या बाजूला तिची सगळी कुंडली येते, कुणी बनवली त्याचा कोड आणि हा रायटर तिच्यावर कुठल्या कुठल्या वेगाने लिहू शकतो ते. १६एक्सच्या डिस्कसमोर नुसतं ४एक्स किंवा त्याहून कमी दिसलं तर समजा की रायटरला ही डिस्क ओळखता आली नाही, तिच्यावर महत्त्वाचं काही लिहू नका. लिहिताना खाली बफरच्या पट्ट्या असतात, वरचा बफर सारखा रिकामा होत असेल तर हार्ड डिस्क किंवा डीएमएकडे बघा, रायटरचा दोष नाही. आणि 'व्हेरिफाय' ची खूण कायम चालू.

हार्ड डिस्कचं विभाजन फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, म्हणजे पूर्ण डीव्हीडीची इमेज (अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये) बनतच नाही, मधेच डिस्क फुल म्हणून सांगतो आणि माणूस रायटरला शिव्या देतो. एनटीएफएस करून घ्या. आणि ४.७ जीबी लिहिलेल्या डिस्कवर विंडोज ४.३८ च दाखवतो, मोजायची पद्धत वेगळी आहे, कुणी फसवलेलं नाही. एका तासाची एक कॅसेट, सेकंदाला ८ मेगाबिटच्या आसपास ठेवली की एका डिस्कवर आरामात बसते. दोन कॅसेटी एका डिस्कवर कोंबा म्हणून गिऱ्हाईक म्हणतं, पण वरातीतल्या दिव्यांचे आणि फटाक्यांचे चौकोन चौकोन दिसायला लागतात, मी दोन डिस्क देतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली विकतची डीव्हीडी लावायची असेल तर रायटर रीजन विचारेल. भारत रीजन ५ आणि अमेरिका १, आणि रायटरमध्ये हे फक्त पाच वेळा बदलता येतं, मग जिथे आहे तिथेच कायमचं. घरी बनवलेल्या डिस्कला याचा काही संबंध नाही.

तर कुणी काय घ्यायचं: साटा खाच असेल तर आतला एलजी साटा, चांगली मोलेक्स जोडणी आणि क्लिपवाली केबल, सगळं मिळून बाहेरच्यापेक्षा कमीत होतं. साटा नाही पण यूएसबी २.० आहे आणि बूटची गरज नाही, किंवा घरात एक जुना आणि एक नवा लॅपटॉप असे दोघांना मिळून एकच हवा, तर बाहेरचा जीपी६५एनबी६०. फक्त आयडीई आणि यूएसबी १.१ असेल तर पीसीआय कार्ड टाकून बाहेरचा, किंवा डोळ्यासमोर पूर्ण डिस्क लिहून दाखवलेला जुना आयडीई. माझ्या मशीनमध्ये सध्या साटावाला आत आहे आणि बाहेरचा मी बॅगेत ठेवतो, कुणाच्या घरी जाऊन डिस्क वाचून द्यायची असली की तो लागतोच. बोर्डाचं नाव आणि मागच्या पोर्टांचा फोटो दिलात तर कुठला बसेल ते सांगतो, फक्त फोटो स्पष्ट काढा, ४० पिनांची खाच आणि फ्लॉपीची ३४ पिनांची खाच अंधारात सारखीच दिसतात.